कस्मीचं कोठार गरम झालं तेव्हा

डोंगरातल्या चिलंकापा गावात कस्मीच्या दाताला जेवढा मान होता तेवढा कित्येकांच्या अख्ख्या घराण्याला नव्हता. भाताची कापणी झाली, पेंढ्या बांबूच्या दांड्यांवर वाळत पडल्या की बायका मुठीत चार-चार दाणे घेऊन तिच्या ओट्याशी यायच्या. कस्मी एकेक दाणा पुढच्या दातांत धरायची, डोळे मिटायची, आणि कट्ट वाजलं तर म्हणायची, "वाळलं." नाही वाजलं तर दाणा थुंकून टाकायची आणि वर दोन शब्द सुनवायची. "हे कोठारात टाकलंस तर उंदीरसुद्धा तोंड वाकडं करतील." साठी उलटली होती, गुडघे कुरकुर करायला लागले होते, पण दात आणि जीभ दोन्ही शाबूत होती.

ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला चूल दाखवायच्या आधी कोठार दाखवलं होतं. ओढ्यापलीकडे, वस्तीच्या विस्तवापासून दूर, गावातली सगळी कोठारं एका ओळीत उभी आहेत. दगडांवर खांब, खांबांच्या डोक्यावर उंदरांना अडवणाऱ्या लाकडी चकत्या, त्यावर तळाशी फळ्यांच्या आणि वर विणलेल्या बांबूच्या भिंती, आणि दार पार वर, छपराच्या त्रिकोणात, एक बाई जेमतेम आत सरकेल एवढं. आत शिरायचं ते घरच्या बाईनेच. पुरुषाने शिडी धरायची आणि गप्प उभं राहायचं. बाईनेही आत गेल्यावर अवाक्षर काढायचं नाही, कारण आत भाताची आई, न्यी पोहाची, निजलेली असते, आणि तिची झोप मोडणं कुणालाच परवडत नाही. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी कस्मी तेवढा वेळ मुकी असायची. तिचा नवरा होता तोवर तो म्हणायचा, "बायको कोठारात गेली की माझा सण."

तळाच्या कोपऱ्यात आईपेंढी. तिच्या सासूच्या आजेसासूपासून चालत आलेल्या भाताची, दरवर्षी त्यातूनच बी काढायचं आणि दरवर्षी नव्याने बांधून तिथेच ठेवायची. तिच्या भोवती आणि वर जुनं भात, गेल्या साली आलेलं, त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं. सगळ्यात वर यंदाचं. काढताना जुनं आधी. त्यासाठी कस्मी दाराच्या आत उजवीकडे एक माणूसभर जागा मोकळी ठेवायची आणि तिथून खाली हात घालायची. चिलंकापात भात विकत नाहीत, विकत आणतही नाहीत. ज्याचं कोठार रिकामं पडलं त्याला गावप्रमुखांच्या, आबांच्या, मोठ्या कोठारातून उसनं मिळतं, कुणी उपाशी राहत नाही. पण आईपेंढी उसनी मिळत नाही. प्रत्येक घराची आपली एकच.

अशा घरात कस्मीच्या मुलाने, दार्याने, कारावांगची सून आणली.

दार्या खाली सपाटीवर, कारावांगला, ट्रक चालवायला गेला होता. तिथे एका व्यापाऱ्याचं तांदळाचं गोदाम होतं, छपराला टेकतील अशा पोत्यांच्या थप्प्या, आणि त्या गोदामात युयुन काम करायची. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे आणि माल ओला की सुका ते सांगायचं, हे तिचं काम. पहिल्याच दिवशी कस्मीने विचारलं, "म्हणजे तू भाताला भोसकायचीस?"

"पोत्याला, अंबू," युयुन म्हणाली; दार्यासारखीच तीही कस्मीला अंबू, म्हणजे आई, म्हणायची. "भात आत असायचं, त्याला माझा इलाज नव्हता."

कस्मीला हसू आलं होतं, पण तिने ते दाखवलं नाही. पुढे सहा महिने ती शेजारणींशी बोलताना सुनेला 'आमची भोसकणारी' म्हणायची. युयुनने ते ऐकलं होतं. ती गरीब गाय, अबोल वगैरे अजिबात नव्हती. एकदा ती सांगत होती की गोदामात पोती जमिनीला टेकवत नाहीत, खाली लाकडी फळ्या घालतात, भिंतीपासून हातभर लांब ठेवतात. कस्मी म्हणाली, "फळ्या कसल्या सांगतेस? आमचं अख्खं कोठारच फळीवर आहे." त्यावर युयुन म्हणाली, "तेच म्हणते अंबू. आमच्या मालकाला हे कुणी फुकट सांगितलं असतं तर त्याचे किती पैसे वाचले असते." हे कौतुक की टोमणा, याचा कस्मी रात्रभर विचार करत राहिली.

त्या वर्षी भात वाळत पडलेलं असताना पाऊस हटेना. दुपारी ऊन दाखवायचा आणि संध्याकाळी भिजवायचा. दांड्यांवर ताडपत्र्या टाक, काढ, टाक, काढ, सगळं गाव त्यातच गुंतलेलं. त्यात आबांनी भात वाहून न्यायचा दिवस ठरवून टाकला. ते आकाशातले तारे बघून दिवस काढतात आणि एकदा काढला की बदलत नाहीत. त्या दिवशी पुरुष खांद्यावरच्या लांब बांबूंना पेंढ्या लटकवून एका रांगेत चालतात, बांबू कुरकुरतात, पुढे वाजंत्री. जो त्या दिवशी मागे राहिला त्याला नंतर एकट्याने, वाजंत्रीशिवाय, चोरासारखं भात न्यावं लागतं. तसं कुणी मागे राहिलेलं कस्मीला आठवत नव्हतं.

आदल्या दिवशी आबा दांड्यांपाशी आले. "कस्मी, काय म्हणतो तुझा दात?"

कस्मीने दाणा चावला. कट्ट वाजलं. दुसरा चावला, वाजलं. तिने पेंढीच्या टोकाच्या लोंबीतले दाणे घेतले होते, नेहमी तेच घ्यायची. तिच्या शेजारी युयुन उभी होती. तिने पेंढी उचलली आणि मधल्या बंधाच्या खाली बोट घातलं, जिथे काड्या दोरीने आवळलेल्या असतात.

"अंबू, बंधाखाली ओल आहे," ती हळूच म्हणाली.

"काडी ओली असते. दाणा बघायचा असतो."

"आतल्या काड्यांना चिकटलेले दाणे आहेत ना, ते बघा की."

"इथे पोती नाहीत, नेंग," लहान पोरीला हाक मारावी तशी कस्मी म्हणाली, आणि आबांकडे वळून नेहमीच्या आवाजात सांगितलं, "वाळलं."

तिचा शब्द दांड्यांवरून दांड्यांवर गेला. कस्मीचं वाळलं म्हणजे सगळ्यांचं वाळलं. दुसऱ्या दिवशी बांबू कुरकुरले, वाजंत्री वाजली, कोठारं भरली आणि दारं बंद झाली. आता नव्या भाताच्या सणापर्यंत दार उघडायचं नाही. तोवर नवं भात निजतं, आणि घरात खायचं ते आधीच काढून ठेवलेलं.

पहिले काही दिवस काही नाही. मग एका सकाळी कस्मी ओढ्यावरून येत होती, आणि कोठाराजवळून जाताना तिला आंबूस वास आला. गोड, आंबवलेल्या कंदासारखा. तिने इकडे तिकडे पाहिलं, भिंतीवर तळहात टेकला आणि झटकन काढला. भिंत कोमट होती. सकाळची थंडी होती, गवतावर दव होतं, आणि भिंत कोमट.

तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, हातात सरपणाचं निमित्त घेऊन. भिंत आणखी कोमट. तिने गाल लावून पाहिला, गालाला जास्त कळतं. त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ताटात भात वाढला की तिला ते कोठार आठवायचं आणि घास फिरायचा. वरच्या यंदाच्या पेंढ्या तापल्या होत्या हे तर उघड होतं. पण ती ऊब खाली उतरत उतरत कुठवर गेली असेल? जुन्या भातापर्यंत? कोपऱ्यातल्या आईपेंढीपर्यंत? तापलेला दाणा रुजत नाही, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. सासूने हातात दिलेलं, तिच्या सासूने तिच्या हातात दिलेलं, आणि ते कस्मीच्या तोंडून निघालेल्या एका शब्दाने शिजून जाणार. दार उघडावं तर निजलेल्या आईला उठवल्याचं पाप. न उघडावं तर ती आत गुदमरणार. कस्मीला आयुष्यात पहिल्यांदा काय करावं ते कळेना, आणि ते कुणाला विचारायचीही तिला सवय नव्हती.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. कोठारांच्या ओळीत सकाळी बरीच वर्दळ असायला लागली होती. शेजारीण उनेंग टोपली घेऊन फिरताना दिसली.

"काय गं, काय शोधतेस?"

"पालेभाजी. कोवळी आलीये म्हणतात."

"दगडाखाली? इथे भाजी कधीपासून उगवायला लागली?"

"तू सरपण शोधतेस तिथेच उगवते," उनेंग म्हणाली आणि लगबगीने निघून गेली. कस्मीला राग आला. आपल्यावर पाळत ठेवतायत असं तिला वाटलं.

पाळत ठेवून होती ती घरातलीच. एका सकाळी कस्मी भिंतीला गाल लावून उभी असताना मागून आवाज आला, "किती तापलंय?"

कस्मीने वळून पाहिलं. युयुन उभी होती. चोरी पकडली गेली की माणूस आधी रागावतं, तशी ती रागावली. "तुला काय करायचंय?"

"मला तेच खायचंय अंबू, पुढचं वर्षभर."

कस्मी मटकन दगडावर बसली. तिने पहिल्यांदाच विचारलं, "तुमच्याकडे असं व्हायचं?"

"एकदा झालं. मालकाला घाई, पावसाचा ओला माल तसाच थप्पीत घातला. बाहेरची पोती चांगली दिसायची. आत वाफेला वाट नव्हती. महिन्याने थप्पी मोडली तर मधलं भात काळं, ढेकळासारखं. बदकांच्या खाद्याच्या भावाने गेलं." ती थांबली. "पण कडेची, तळाची वाचली होती. लवकर मोडली असती तर मधलीही वाचली असती."

"दार उघडायचं नाही."

"दार नाही उघडत. भिंतीबद्दल कुणी काही बोललंय?" युयुनने कमरेला खोचलेली छत्रीची लोखंडी काडी काढली. ती तयारीनिशीच आली होती.

"तू परत भोसकणार," कस्मी म्हणाली. पण ती उठली, आणि कुणी येतंय का बघायला वाटेकडे तोंड करून उभी राहिली.

युयुनने विणीच्या फटीतून काडी आत सरकवली, थोडा वेळ तशीच ठेवली, आणि काढून कस्मीच्या हातात दिली. कस्मीने ती ओठाला लावली. वरच्या अंगाला काडी गरम होती, चहाच्या पेल्यासारखी. मग खाली घालून पाहिली, तिथे जरा कमी. त्याच्याही खाली फळ्यांची भिंत लागत होती, काडी जाईना. आईपेंढी तिथे, त्या फळ्यांच्या मागे.

"खालचं कळत नाही," युयुन म्हणाली. "उघडावंच लागेल अंबू. आज. मी आबांना सांगू?"

"तू कशाला? 'वाळलं' मी म्हणाले होते."

आबा अंगणात तंबाखू वळत बसले होते. त्यांची बायको, जिला सगळं गाव निनी म्हणतं, सुपात मिरच्या निवडत होती. कस्मीने आडपडदा न ठेवता सांगितलं. माझा दात चुकला, मी टोकाचे दाणे चावले, बंधाखाली ओल होती, ही पोरगी सांगत होती, मी ऐकलं नाही, कोठार तापलंय, आता काय करायचं ते सांगा. एवढं एका दमात बोलून ती खाली बघत राहिली.

आबांनी वळलेली तंबाखू पुन्हा उलगडली आणि पुन्हा वळायला घेतली. निनीने मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं.

"सांगता, की मी सांगू?" ती नवऱ्याला म्हणाली.

"सांगतो की," आबा पुटपुटले. "आपलंही जरा... उबदार आहे."

"उबदार! केव्हापासून सांगतेय मी यांना. म्हणे, दिवस मी काढला, आता मीच दार उघडलं तर लोक काय म्हणतील. आणि तू गं कस्मी, तुझ्या दातावर विसंबून मी माझ्या पेंढीला बोटही लावलं नाही."

"दार उघडलं तर तिची झोप मोडेल ना, निनी?"

"झोपेत पोर तापलं तर आई उठवते की नाही? खायला काढायचं नाही म्हणून दार बंद असतं. जीव वाचवायला कुणी बंदी केलीये?" निनी उठली. "वाजवा तो बांबू."

आबांनी अंगणातला पोकळ बांबू ठोकला आणि गाव जमलं. ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन माणसं आली. आबांनी खाकरून विचारलं, "कुणाकुणाचं कोठार गरम लागतंय?"

सगळे पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले. कस्मी म्हणाली, "माझं." मग उनेंग म्हणाली, "माझं तसं गरम नाही. म्हणजे... कोमट." आणि मग काय, बांध फुटला. माझंही, आमचंही, आमच्याकडे तर वास येतोय, मला वाटलं आमचंच. रोज पहाटे भाजी, सरपण, हरवलेली कोंबडी आणि तुटलेली चप्पल शोधणारं अर्धं गाव एकमेकांकडे बघायला लागलं. आधी कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू आवरेना. उनेंग डोळे पुसत म्हणाली, "तरीच म्हटलं, सगळ्यांनाच एकदम पालेभाजी कशी आवडायला लागली." कस्मीही हसत होती, पण तिच्या छातीवरचा दगड अर्धाच हलला होता. फळ्यांच्या मागचं अजून कळलेलं नव्हतं.

त्या दिवशी ऊन पडलं, चांगलं चटचटीत. पुरुषांनी दांड्या पुन्हा बांधल्या. निनीने प्रत्येक कोठाराखाली ऊद जाळला, पानसुपारी ठेवली आणि आत निजलेलीला समजावून सांगितलं. कस्मीच्या कोठाराला दार्याने शिडी लावली. कस्मीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या पायरीवर तिचा गुडघा अडला. आज अख्खं कोठार रिकामं करायचं होतं. ती खाली उतरली.

"नेंग, तू जा."

दोन-चार बायकांनी माना वर केल्या. बाहेरची पोर, भात विकणाऱ्यांच्या गोदामातली, आणि थेट आत? उनेंगने तोंड उघडलं तेवढ्यात निनी म्हणाली, "त्या कोठारातलं खाते ना ती? मग घरचीच."

युयुनने केस घट्ट बांधले आणि वर चढली. दारात थांबून तिने सासूकडे पाहिलं. कस्मीने ओठांवर बोट ठेवलं. युयुनने मान हलवली आणि आत सरकली.

मग पेंढ्या यायला लागल्या. युयुन आतून द्यायची, दार्या शिडीवरून घ्यायचा, कस्मी खाली प्रत्येक पेंढीच्या बंधाखाली बोट घालायची, मग तिथलाच दाणा काढून चावायची. पहिल्या थरातल्या पेंढ्या वाफाळत होत्या. काहींच्या पोटात पांढरी बुरशी, काही पिवळ्या पडलेल्या. त्या बदकांच्या वाट्याला गेल्या. पण बऱ्याचशा नुसत्या तापल्या होत्या. दांडीवर पसरल्या की त्यांच्यातून वाफ निघायची आणि थोड्या वेळाने वास सरायचा. आणखी चार दिवस गेले असते तर असलं काही उरलं नसतं. दुपारपर्यंत गेल्या सालचं भात लागलं. वरचा थर कोमट, खालचा तेवढा नाही. कस्मी दाणा चावायची, कट्ट, आणि पुढची मागायची. दार्या म्हणाला, "अंबू, जरा बस." ती बसली नाही.

मग पेंढ्या यायच्या थांबल्या. आता तळ आला होता. युयुन कोपऱ्यातल्या पेंढ्या हलवत असल्याची खसखस ऐकू येत होती, बाकी काही नाही. आत बोलायचं नाही आणि आईपेंढी उगाच बाहेर काढायची नाही, त्यामुळे काय आहे ते बाहेर कळायला मार्ग नव्हता. खसखसही थांबली. बाकीच्या कोठारांवरच्या बायका हात थांबवून इकडे बघायला लागल्या. कस्मीला राहवेना. तिने दार्याला बाजूला केलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी करत शिडी चढली, दाराला तोंड लागेपर्यंत.

आतल्या अंधारातून युयुन सरपटत आली. केसांत कुसं, तोंड घामेजलेलं. ती दारातून वाकली आणि जो हात एवढा वेळ आईपेंढीच्या पोटात खुपसून बसली होती, तो तिने कस्मीच्या गालावर ठेवला.

बाकी सगळी युयुन तापलेली होती. हात तेवढा ओढ्यातल्या गोट्यासारखा गार होता.

कस्मीने तो हात दोन्ही हातांनी धरला आणि गालावरून काढू दिला नाही. खालून उनेंगने विचारलं, निनीने विचारलं, दार्याने तर दोनदा विचारलं. कस्मी काही आत नव्हती, दाराबाहेर होती, तिला बोलायला मोकळीक होती. शेवटी तिने मान खाली वळवली आणि भरल्या डोळ्यांनी सगळ्यांना सांगितलं, "गार आहे. माझी सून सांगतेय, गार आहे."